ती भूमि ओसाड नव्हती

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचा पश्चिमेकडे झालेला विस्तार हा विषय आमच्या विद्यार्थ्यांस फार प्रिय आहे, आणि त्यांत नवल नाहीं. बोलपट, सचित्र गोष्टींचीं पुस्तकें व इतिहासाचे धडे या सर्वांनीं मिळून त्यांच्या डोळ्यांपुढें एक चित्र उभें केलें आहे: क्षितिजापर्यंत पसरलेलें गवताळ रान, पांढऱ्या कापडाचें छत घातलेल्या बैलगाड्यांची लांबच लांब रांग, बैलांशेजारीं पायीं चालणारा बाप, आंत लेंकरूं कुशींत घेऊन बसलेली आई, आणि पुढें सर्व अज्ञात मुलूख. या चित्रांत खोटें असें फार थोडें आहे. आमचा आक्षेप चित्रावर नसून त्याखालीं जो एक शब्द हटकून लिहिला जातो त्यावर आहे. "धाडसी लोकांनीं ओसाड प्रदेशांत जाऊन वस्ती केली" हें वाक्य निबंधाच्या वह्यांत येतें, पुस्तकांत येतें, आणि मोठ्या माणसांच्या बोलण्यांतही सहज येऊन जातें. आमचें म्हणणें असें कीं, ती भूमि ओसाड नव्हती. ती ओसाड ठरविण्यांत आली; आणि हें ठरविण्याचें काम बंदुकीइतकेंच कागदानेंही केलें.

प्रथम त्या वसाहतवाल्यांचें श्रेय त्यांच्या पदरांत घालूं. २० मे १८६२ रोजीं अध्यक्ष लिंकन यांनीं होमस्टेड कायद्यावर सही केली. त्या कायद्यान्वयें कोणाही प्रौढ नागरिकास, किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या परदेशीयास, किरकोळ फी भरून १६० एकर सरकारी जमीन मागतां येई. पांच वर्षें तेथें राहून, घर बांधून व जमीन कसून दाखविली म्हणजे ती त्याच्या नांवें होई. अविवाहित व विधवा स्त्रियांसही हा हक्क होता. नॉर्वे, स्वीडन, जर्मनी या देशांतील ज्या कुळांना स्वदेशीं वावभर जमिनीची आशा नव्हती तीं समुद्र ओलांडून आलीं. गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनीं १८७७ मध्यें कॅन्सस संस्थानांत निकोडेमस नांवाचें आपलें स्वतःचें गांव वसविलें. हा कायदा चालू होता तोंपर्यंत सुमारें १६ लाख दावे पुरे होऊन २७ कोटि एकर जमीन याप्रमाणें लोकांच्या नांवें चढली.

आणि तें जिणें सोपें नव्हतें. त्या माळांवर झाड म्हणून नव्हतें. तेव्हां गवताच्या मुळांनीं घट्ट बांधलेली माती नांगरानें पट्ट्यापट्ट्यांनीं कापीत, आणि ते तुकडे विटांसारखे एकावर एक रचून त्याचें घर करीत. पाऊस थांबला तरी छतांतून चिखलाचें पाणी दोन-दोन दिवस गळत राही. सर्पण नसल्यामुळें बाया-मुलें रानबैलांच्या वाळलेल्या शेणाचीं खांडें टोपल्यांत वेंचून आणीत व त्यावर भाकर भाजीत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं शेणी थापल्या गेल्या आहेत त्यांना हें समजावून सांगावयास नको. १८७४ सालीं अशी टोळधाड आली कीं उभें पीक तर गेलेंच, पण दोरीवर वाळत घातलेले कपडेही तिनें सोडले नाहींत. पुष्कळांनीं हाय खाऊन गाड्या माघारीं वळविल्या. जे टिकले त्यांच्या चिकाटीपुढें मान लवविण्यास आम्ही कोणाच्या मागें नाहीं.

परंतु ही जी सरकारी जमीन सरकार वांटीत होतें, ती सरकारच्या हातीं कोठून आली? सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एखादें नांव कसें चढतें व कसें कमी होतें हें घरोघर ठाऊक असलेल्या आमच्या पालकवर्गास हा प्रश्न प्रथम सुचावयास पाहिजे. आणि तोच नेमका गोष्टीच्या पुस्तकांतून गळालेला असतो. सर्व राष्ट्रांची हकीकत येथें सांगणें शक्य नाहीं. आम्ही एकच राष्ट्र घेतों, चेरोकी. आणि तें निवडण्याचें कारण आमच्या घराजवळचें आहे.

१८१० सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांत अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था निघाली. तिनें पाठविलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस पोंचले. त्यांच्या कार्यांतूनच अमेरिकन मराठी मिशन वाढलें. १८३१ च्या अखेरीस अहमदनगरचें ठाणें पडलें, आणि १८४२ मध्यें तेथून "ज्ञानोदय" निघूं लागला. हें सर्व आमच्या वाचकांस परिचित आहे. परंतु याच संस्थेनें १८१७ मध्यें, म्हणजे मुंबईनंतर अवघ्या चार वर्षांनीं, टेनेसी व जॉर्जिया यांच्या सीमेजवळ चेरोकी लोकांत ब्रेनर्ड नांवाचें ठाणें उघडलें, हें आपल्यापैकीं किती जणांस माहीत असेल? मुंबईचीं पत्रें आणि चेरोकी देशाचीं पत्रें बोस्टन शहरांतील एकाच कचेरींत उघडलीं जात. १८२१ पासून त्या कचेरीचा चिटणीस जेरिमाया एव्हर्ट्स नांवाचा एक कायदेपंडित होता. त्याचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

त्या काळचे चेरोकी कसे होते? अॅपालेशियन पर्वताच्या दक्षिण टोंकास त्यांची गांवें, मक्याचीं शेतें, फळबागा, माग, गिरण्या व नदीवरचे उतार होते. सेक्वोया नांवाच्या त्यांच्यांतील एका गृहस्थानें, ज्यास इंग्रजी वाचतां येत नव्हतें, १८२१ च्या सुमारास एकट्याच्या बुद्धीनें आपल्या भाषेची लिपि सिद्ध केली. तींत पंचाऐंशीच्या आसपास चिन्हें असून, आपल्या बाराखडींतल्याप्रमाणें एकेक चिन्ह एकेका संपूर्ण उच्चाराचें आहे. त्यामुळें चेरोकी बोलणारा मनुष्य थोड्याच आठवड्यांत वाचूं लागे. १८२७ मध्यें त्यांनीं आपली लेखी राज्यघटना केली. १८२८ मध्यें न्यू एकोटा या त्यांच्या राजधानींत "चेरोकी फीनिक्स" हें वृत्तपत्र चेरोकी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघालें. त्याचे खिळे बोस्टन येथें ओतविण्याची व्यवस्था अमेरिकन बोर्डानेंच केली. मराठी मुद्रणाच्या आरंभींच्या इतिहासांत ज्यांच्या मुंबईच्या छापखान्याचें नांव येतें तेच हे लोक. चेरोकींच्या समाजांत दोष नव्हते असें नाहीं. त्यांच्यांतील धनिकांच्या शेतांवर विकत घेतलेले कृष्णवर्णीय गुलाम राबत, आणि हा डाग लपविण्याचें कारण नाहीं. पण त्यांच्या देशास ओसाड म्हणणारा मनुष्य एक तर आंधळा असला पाहिजे, किंवा त्याला त्या देशांत कांहीं तरी हवें असलें पाहिजे.

हवें होतें तें १८२९ च्या सुमारास उघड झालें. चेरोकींच्या मुलखांत सोनें सांपडलें. जॉर्जिया संस्थानानें आपले कायदे त्यांच्यावर लादले. गोऱ्या मनुष्याविरुद्ध चेरोकीची साक्ष न्यायालयांत ग्राह्य धरावयाची नाहीं असें ठरलें. म्हणजे कोणी दिवसाढवळ्या गाई हांकून नेल्या तरी मालकानें साक्ष द्यावयाची कोणाची? नंतर त्या संस्थानानें चेरोकींच्या भूमीची मोजणी केली, १६० एकरांचे शेतीचे व ४० एकरांचे सोन्याचे असे तुकडे पाडले, आणि १८३२ सालीं ते आपल्या गोऱ्या रहिवाशांस सोडत काढून वांटले. घरांत माणसें राहत असतां त्या घराची चिठ्ठी दुसऱ्याच्या नांवें निघत होती. चेरोकींचा मुख्य जॉन रॉस १८३५ सालीं वॉशिंग्टनहून परतला तों त्याच्या स्वतःच्या घरांत चिठ्ठी लागलेला मनुष्य राहावयास आलेला!

हा अन्याय कोणासच दिसला नाहीं असें नव्हे. एव्हर्ट्स यानें १८२९ मध्यें "विल्यम पेन" या टोपणनांवानें चोवीस लेख लिहून, संयुक्त संस्थानांनीं चेरोकींशीं केलेले तह एकामागून एक लोकांपुढें मांडले, आणि सही केलेल्या वचनाचा अर्थ काय असा देशास सवाल केला. काँग्रेसमध्यें वाद अटीतटीचा झाला, बिल थोड्या मतांनीं निसटून पास झालें, आणि २८ मे १८३० रोजीं अध्यक्ष जॅक्सन यांनीं पूर्वेकडील राष्ट्रांस मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याच्या कायद्यावर सही केली. दुसऱ्याच वर्षीं एव्हर्ट्स क्षयानें वारला.

पुढें जें झालें तें प्रत्येक मिशन शाळेंत सांगितलें जावें असें आम्हांस वाटतें. चेरोकी देशांत राहणाऱ्या प्रत्येक गोऱ्या मनुष्यानें जॉर्जियाशीं निष्ठेची शपथ घेऊन परवाना काढावा, असा कायदा त्या संस्थानानें केला. मिशनऱ्यांना तेथून हुसकून लावण्याचाच तो उपाय होता. न्यू एकोटा येथील मिशनरी सॅम्युएल वुस्टर यानें शपथ नाकारली. १८३१ सालीं त्याला पकडण्यांत आलें, आणि सप्टेंबरांत तो व दुसरे दहा जण यांना चार-चार वर्षें सक्तमजुरीची शिक्षा झाली. गव्हर्नरानें माफी पुढें केली: शपथ घ्या, घरीं जा. नऊ जणांनीं ती घेतली, आणि त्यांना आम्ही नांवें ठेवीत नाहीं. सक्तमजुरी म्हणजे काय हें त्यांना बायकामुलांकडे पाहून ठरवावें लागलें. वुस्टर व डॉक्टर एलायझर बटलर या दोघांनीं मात्र माफी नाकारून कैद्याचे कपडे घातले. बोर्डाचे लोक अहमदनगरास आपलें ठाणें मांडीत होते त्याच महिन्यांत त्याच बोर्डाचे हे दोन सेवक जॉर्जियाच्या तुरुंगांत काम करीत होते.

त्यांचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ३ मार्च १८३२ रोजीं सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनीं निकाल दिला कीं, चेरोकी हें एक स्वतंत्र राष्ट्र असून त्याच्या सीमेंत जॉर्जियाचा कायदा चालूं शकत नाहीं. जॉर्जियानें निकाल मानला नाहीं. अध्यक्ष जॅक्सन यांच्या तोंडीं या प्रसंगाचें एक उद्धट वाक्य घालण्याची चाल आहे. तें त्यांनीं उच्चारल्याचा भरंवशाचा पुरावा नाहीं, तेव्हां विद्यार्थ्यांनीं तें निबंधांत घालूं नये. त्यांची कृति पुरेशी बोलकी आहे: चेरोकींच्या बाजूनें त्यांनीं कांहींच केलें नाहीं. इकडे दक्षिण कॅरोलायना संस्थान मध्यवर्ती सरकाराविरुद्ध उठण्याच्या बेतांत होतें, देश फुटेल अशी भीति होती, आणि थोरामोठ्यांनीं वुस्टरला आतां हट्ट सोडण्याविषयीं गळ घातली. खुद्द बोर्डानेंही तसाच सल्ला दिला. खटला पुढें न चालवितां दोघे जानेवारी १८३३ मध्यें सुटले. वुस्टरला आम्ही दोष देऊं शकत नाहीं; परंतु बोस्टनच्या कचेरीविषयीं तसें म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं. एव्हर्ट्स जिवंत असता तर तो सल्ला गेला असता कीं नाहीं, याची आम्हांस शंका वाटते. निकाल हातीं आला होता, आणि ज्यांच्यासाठीं तो मिळविला ते मात्र एकटे पडले.

त्यानंतर कागद भराभर झाले. २९ डिसेंबर १८३५ रोजीं न्यू एकोटा येथें, राष्ट्राच्या मुख्याच्या गैरहजेरींत, मूठभर चेरोकींनीं सर्व देश पन्नास लाख डॉलरांस देऊन टाकण्याच्या तहावर सह्या केल्या. त्यांत "फीनिक्स" पत्राचा पहिला संपादक ईलायस बूडिनो हाही होता. अडलेल्यांस आतां दुसरा मार्ग नाहीं असें त्याचें मत झालें होतें, आणि त्याबद्दल १८३९ मध्यें त्याच्याच लोकांनीं त्याचा प्राण घेतला. तहाविरुद्ध जॉन रॉस यानें पंधरा हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज नेला. सेनेटनें मे १८३६ मध्यें एका मताच्या आधिक्यानें तह कायम केला. १८३८ च्या उन्हाळ्यांत जनरल स्कॉट यांचे शिपाई आले. जेवतीं माणसें पाटावरून उठवून लांकडी कोंडवाड्यांत घातलीं गेलीं. सुमारें सोळा हजार लोक त्या हिंवाळ्यांत व त्याच्या आधीं पश्चिमेकडे हांकले गेले. चार हजारांच्या आसपास मेले, हा जो अंदाज आजही सांगितला जातो तो मूळचा डॉक्टर बटलर यांचा. तुरुंगांतून सुटलेला हा मनुष्य एका तांड्याबरोबर वैद्य म्हणून चालत गेला होता. वुस्टर त्याच्या आधींच पश्चिमेस गेला होता. तेथें पार्क हिल या ठिकाणीं छापखाना घालून तो १८५९ मध्यें मरेपर्यंत चेरोकी भाषेंत शास्त्र उतरवीत व पुस्तकें छापीत राहिला. चेरोकींच्या त्या वाटेस "अश्रूंची वाट" म्हणतात. ज्यांना सोडतींत जमिनी लागल्या होत्या ते मागें राहिलेल्या घरांत, तयार मळ्यांत व फळबागांत शिरले. आणि त्यांच्या नातवंडांनीं शाळेंत शिकलें असेल कीं, आपल्या आज्यांनीं रान तोडून वस्ती केली.

येथेंच थांबलों तर मिशनरी म्हणजे सर्व वुस्टरच, असा समज आमच्या वाचकांचा होईल, व तो खरा नाहीं. याच बोर्डानें १८३६ मध्यें डॉक्टर मार्कस व्हिटमन यांस पत्नीसह ऑरेगन प्रांतांत केयूस लोकांकडे पाठविलें. व्हिटमनबाई व त्यांच्या सोबतीण स्पॉल्डिंगबाई या खुष्कीच्या मार्गानें रॉकी पर्वत ओलांडणाऱ्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया होत. त्यांचें मिशन गाड्यांच्या वाटेवरचा मुक्काम बनलें. १८४३ मध्यें हजाराच्या आसपास वसाहतवाल्यांच्या तांड्याबरोबर व्हिटमन स्वतः वाट दाखवीत आला, आणि पुढें त्याचा अधिकाधिक वेळ त्यांच्याच सेवेंत जाऊं लागला. १८४७ मध्यें गोंवर आला. गोऱ्यांचीं मुलें बहुतेक बरीं झालीं. केयूसांचीं पटापट मेलीं, कारण त्यांच्या रक्तास तो रोग नवा होता. ज्या वैद्याच्या हातून रोगी मरतात त्याला मारण्याची त्या लोकांत चाल होती. २९ नोव्हेंबर १८४७ रोजीं त्यांनीं व्हिटमन पतिपत्नी व इतर कांहीं जण यांचा वध केला. १८५० मध्यें पांच केयूसांना फांशी दिलें, आणि त्या प्रांताची जमीन वसाहतीस मोकळी होत गेली. व्हिटमन दुष्ट नव्हता. तो रात्रीबेरात्रीं रोग्यांकडे धांवणारा मनुष्य होता. पण आपण कोणाकडे पाठविलेले आहों हें तो हळूहळू विसरला, आणि तें विसरणें किती सोपें असतें हें त्याच्या चरित्रावरून दिसतें.

पुनः चेरोकींकडे वळूं. १८३५ च्या तहांत, नवा मुलूख त्यांच्या संमतीवांचून कोणत्याही संस्थानांत कधींही घातला जाणार नाहीं, असें लेखी वचन होतें. तें किती टिकलें? १८८७ च्या डॉज कायद्यानें अनेक राष्ट्रांची सामाईक जमीन माणशीं तुकडे पाडून वांटली व उरलेली वसाहतीस खुली केली. हा कायदा मूळ रहिवाशांच्या शत्रूंनीं नव्हे, तर त्यांचे हितचिंतक म्हणविणाऱ्या धार्मिक व सुशिक्षित लोकांनीं पुढाकार घेऊन करविला, हें विशेष! त्या वेळीं मूळ राष्ट्रांकडे तेरा कोटि ऐंशीं लाख एकर जमीन होती. १९३४ मध्यें ती चार कोटि ऐंशीं लाखांवर आली. चेरोकींचा पश्चिमेकडील साठ लाख एकरांहून मोठा पट्टा सरकारनें दडपण आणून विकत घेतला, आणि १६ सप्टेंबर १८९३ रोजीं भर दुपारीं बारा वाजतां बंदुकीचा बार करून तो लोकांस मोकळा केला. एक लाखावर माणसें घोडे, गाड्या, आगगाड्या यांतून जमीन बळकावण्यास धांवलीं. १९०७ मध्यें बाकीचा मुलूखही ओक्लाहोमा संस्थानांत गेला.

तो सप्टेंबर महिना मराठी वाचकांस दुसऱ्या कारणानें ठाऊक आहे. ११ ते २७ सप्टेंबर १८९३ या दिवसांत शिकागो येथें सर्वधर्मपरिषद भरली होती, व स्वामी विवेकानंदांचें नांव तेथूनच जगभर झालें. सर्व धर्मांचे पुढारी बंधुभावाविषयीं बोलत होते त्याच पंधरवड्यांत चेरोकी पट्ट्यावरची ती धांव झाली. त्याच शहरांत त्याच वर्षीं जुलै महिन्यांत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण इतिहासकारानें आपला पुढें गाजलेला निबंध वाचला. १८९० च्या खानेसुमारीनंतर वसाहतीची सरहद्द अशी उरली नाहीं, आणि पश्चिमेकडच्या मोकळ्या जमिनीनेंच अमेरिकन मनुष्याचा स्वभाव व त्याची लोकशाही घडविली, असा त्याचा सिद्धांत. तो निबंध विद्वत्तेचा आहे, व त्यांत तथ्यही आहे. पण "मोकळी" हें आमच्या "ओसाड" या शब्दाचेंच पंडिती भावंड होय. आमच्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळांत अमेरिकेंत हिंडल्या, व १८८९ मध्यें त्यांनीं "युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त" हें पुस्तक मराठींत लिहिलें. त्यांना त्या देशाचें कौतुक अपार होतें. तरी मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्यांच्या नजरेंतून सुटला नाहीं. एका मराठी बाईस जें परदेशांत दिसलें तें कित्येक पदवीधरांस स्वदेशीं दिसत नव्हतें.

आतां एक गोष्ट आमच्यासारख्या शाळांनीं विशेष मनावर घेण्यासारखी. जमीन गेल्यावर मुलें नेण्यांत आलीं. १८७९ मध्यें कार्लाइल येथें निघालेल्या शाळेच्या धर्तीवर सरकारनें व अनेक मिशनसंस्थांनीं वसतिशाळा काढल्या. तेथें मुलांचे केस कापीत, नांवें बदलीत, आणि मातृभाषेंत बोलल्यास शिक्षा करीत. शेंकडों मुलें घरीं परत आलींच नाहींत. २५ ऑक्टोबर २०२४ रोजीं अध्यक्ष बायडन यांनीं सरकारच्या वतीनें या शाळांबद्दल क्षमा मागितली. वुस्टर चेरोकी मुलांना चेरोकी अक्षरांत वाचावयास शिकवीत होता. त्याच्या मागून आलेल्यांनीं तीच भाषा मुलांच्या तोंडांतून काढून टाकण्याचा खटाटोप केला. दोघेही एकाच पुस्तकाचें नांव घेत होते. हा मजकूर आमच्या वार्षिकाच्या मराठी विभागांत छापला जात आहे, ही गोष्ट आम्ही सहज म्हणून लिहीत नाहीं.

कोणी म्हणेल, हें सर्व होऊन गेलें; जगांतील कोणती भूमि कोणी कोणाकडून घेतली नाहीं? प्रश्न रास्त आहे, आणि बळावर घेतलेल्या मुलखांच्या हकीकतींनीं इतिहास भरलेला आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. पण येथें घेणाऱ्यानें प्रत्येक वेळीं लिहून दिलें होतें. जेता म्हणून तो बोलला नाहीं. तो तह करीत गेला, सह्या करीत गेला, "कायमचें" हा शब्द घालीत गेला. म्हणूनच हें प्रकरण आजही संपलेलें नाहीं. १८६८ च्या तहानें लकोटा लोकांस दिलेल्या ब्लॅक हिल्स डोंगरांत १८७४ मध्यें सोनें सांपडलें, व १८७७ मध्यें ते डोंगर काढून घेण्यांत आले. १९८० सालीं सुप्रीम कोर्टानें तें घेणें बेकायदा नुकसान ठरवून व्याजासह दहा कोटि डॉलरांवर भरपाई कायम केली. लकोटांनीं ती रक्कम नाकारली. त्यांचा देश देशांतील अत्यंत गरीब भागांपैकीं एक गणला जातो. तरी डोंगर विकलेले नव्हते, तेव्हां पैसे कसले, हें त्यांचें उत्तर. अशा मनुष्यांपुढें "ओसाड" हा शब्द उच्चारून पाहावा.

आमचे विद्यार्थी यापुढेंही त्या बैलगाड्यांविषयीं आवडीनें लिहितील, व लिहावें. निकोडेमसच्या मुक्त गुलामांविषयीं लिहावें, मातीच्या घरांत राहिलेल्या नॉर्वेच्या बायांविषयीं लिहावें. फक्त गाडी कोणत्या गांवावरून गेली त्याचें नांव शोधून काढावें. तें बहुधा सांपडतें. अमेरिकेंतील निम्म्या संस्थानांचीं व अगणित नद्यांचीं नांवें अद्यापि मूळ भाषांतलीं आहेत, आणि ओसाड रानास नांव ठेवणारें कोणी नसतें. आमच्या शिक्षकबंधुभगिनींनीं वुस्टर व व्हिटमन हे दोन्ही धडे एकत्र शिकवावे. एकट्या वुस्टरचा धडा आम्हांस फार सुखाचा आहे.

जॉर्जिया संस्थानानें वुस्टर व बटलर यांस १९९२ सालीं मरणोत्तर माफी दिली; एकशें साठ वर्षांपूर्वीं त्यांनीं नाकारलेली ती ही नव्हे, कारण हिला शपथेची अट नव्हती. जुलै २०२० मध्यें सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, ओक्लाहोमांतील मस्कोगी राष्ट्राची हद्द काँग्रेसनें कायद्यानें कधींच मोडलेली नाहीं, म्हणून ती कायम आहे. दुसऱ्या वर्षीं तेथील न्यायालयानें तेंच तत्त्व चेरोकी राष्ट्रास लावलें. जून २०२२ मध्यें त्याच सुप्रीम कोर्टापुढें, अशा हद्दींत संस्थानाच्या कायद्याचा हात कोठवर पोंचतो हा वाद पुनः आला. न्यायमूर्ति गॉर्सच यांनीं आपलें मतपत्र १८३१ सालीं चेरोकींमध्यें राहणाऱ्या वुस्टर नांवाच्या एका मिशनऱ्यास झालेल्या अटकेपासून सुरू केलें. तें मतपत्र अल्पमताचें होतें. पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल संस्थानाच्या बाजूनें लागला.